गाडीचे डीआरएल बंद करता येतात का? आणि करावेत का?

गवतीचहा | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुमारास गाडी बदलली. नव्या गाडीला पुढे एलईडीचे डीआरएल (डेटाइम रनिंग लाइट, म्हणजे दिवसाही पेटणारे दिवे) आहेत. इंजिन चालू केलं की बंपरच्या वर दोन पांढऱ्या पट्ट्या आपोआप पेटतात. दिसायला झकास, पण बंद करायला बटणच नाही. लाइटचा दांडा ऑफवर ठेवला तरी पट्ट्या चालूच.

अडचण दोन ठिकाणी येते. मुलीचा क्लास सुटेपर्यंत मी खाली गाडीत बसतो. उकाडा असला की एसीसाठी इंजिन चालू ठेवावं लागतं आणि समोरच्या तळमजल्यावरच्या काकांच्या हॉलमध्ये थेट उजेड जातो. काका एकदा खिडकीत येऊन बरंच काही बोलले. काच बंद असल्यामुळे मला ऐकू आलं नाही, तेच बरं झालं.

दुसरं म्हणजे, सासरे कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत राहतात. रात्री गेटवर जवान सांगतो, हेडलाइट बंद करा, आतला दिवा लावा. मी हेडलाइट बंद केले की डीआरएल पूर्ण तेजात येतात, म्हणजे आधीपेक्षा जास्त डोळ्यांवर. त्याला वाटतं मी मुद्दाम करतोय.

शोरूमवाला म्हणतो, "सर, कंपनी फिटेड आहे, बंद होत नाही." अॅक्सेसरीवाला म्हणतो, "पाचशे द्या, स्विच टाकून देतो." आपल्याकडे कायद्याने हे बंद करता येतात का? वॉरंटीचं काय होतं? कोणी करून घेतलंय का?

नानाची टांग | सोमवार, रात्री ९:३१

आधी डीआरएल हवेत म्हणून वरचं मॉडेल घ्यायचं, शेजाऱ्याला दाखवायचं, मग शेजाऱ्याच्या डोळ्यात जातात म्हणून धागा काढायचा. चालू द्या. मी चहा घेऊन बसलोय.

वायरमन | सोमवार, रात्री १०:०५

गवतीचहा, पाचशे रुपये खिशात ठेवा आणि उद्या सकाळी एक करून बघा. इंजिन चालू, दांडा ऑफवर, आणि हॅन्डब्रेक पूर्ण वर ओढा. मग उतरून पुढे जाऊन बघा. बऱ्याच गाड्यांत हॅन्डब्रेक ओढला की डीआरएल विझतात आणि सोडला की पुन्हा पेटतात. ऑटोमॅटिक असेल तर काही गाड्यांत गिअर 'पी'वर टाकला की विझतात. सगळ्याच कंपन्या ही सोय देत नाहीत, पण बघायला काय जातंय.

स्विच टाकून घेऊ नका, त्याचं कारण सांगतो. पूर्वी दिव्याची वायर बॅटरीकडून स्विचकडे आणि स्विचकडून बल्बकडे जायची. मध्ये कापून स्विच टाकला की काम झालं. आता दिवा पेटवायचा की नाही हे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, ठरवतं. ते दर वेळी तपासतं की दिव्यात करंट जातोय का. वायर मध्येच तोडलीत तर त्याला वाटतं दिवा गेला, आणि मीटरवर पिवळा इशारा. हा इशारा जावा म्हणून मग अॅक्सेसरीवाला दिव्याऐवजी करंट खाणारा रेझिस्टर टाकणार, तो तापणार, आणि तो चिकटवलेला असतो प्लास्टिकच्या बंपरला. असे काळे पडलेले बंपर मी दुकानात पाहिलेत.

फ्यूज काढायचा विचारही नको. कित्येक गाड्यांत डीआरएलला स्वतंत्र फ्यूजच नसतो. तो काढला की आणखी कुठला तरी दिवा किंवा वायपरसुद्धा जातो.

मोगरा | सोमवार, रात्री १०:२०

वायरमनदादा, एक शंका. माझ्या गाडीत इंडिकेटर दिला की त्या बाजूचा डीआरएल विझतो आणि इंडिकेटर बंद झाला की परत येतो. सर्व्हिसिंगला दिली तेव्हा सांगितलं, तर दिवसभर गाडी ठेवून घेतली आणि "ओके आहे" म्हणून परत दिली. म्हणजे नक्की काय?

वायरमन | सोमवार, रात्री १०:२६

ताई, तो दोष नाही, तसंच बनवलंय. पांढरा प्रखर दिवा शेजारी चालू असला की नारिंगी इंडिकेटर समोरच्याला दिसत नाही. दोन्ही दिव्यांत ४० मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतर असेल तर इंडिकेटर चालू असताना डीआरएल मंद करावा किंवा विझवावा, अशी तरतूद आंतरराष्ट्रीय नियमातच आहे. हे एका वाक्यात सांगायचं सोडून त्यांनी दिवसभर गाडी ठेवून घेतली, त्याला काय म्हणावं.

गवतीचहा | मंगळवार, सकाळी ८:४०

वायरमन, तुमच्या तोंडात साखर पडो! हॅन्डब्रेक ओढला आणि पट्ट्या गायब. काकांचा प्रश्न मिटला, गेटचाही मिटला. शोरूमच्या त्या पोराला फोन करून सांगितलं, तर म्हणे "अच्छा? असं होतं का सर?"

तरी कायद्याचं कोणी सांगेल का? उत्सुकता म्हणून.

काळा कोट | मंगळवार, सकाळी ११:१५

सांगतो, पण हा सल्ला समजू नये, माहिती समजावी.

भारतात चारचाकीला डीआरएल सक्तीचे नाहीत. कंपनीने दिले तर ते ठरलेल्या मानकाप्रमाणे असायला हवेत, एवढंच. त्यामुळे ज्यांच्या गाडीत ते नाहीत त्यांनी काही गुन्हा केलेला नाही. आणि कंपनीनेच हॅन्डब्रेकने किंवा मेनूतून बंद करायची सोय दिली असेल तर ती वापरण्यात काहीच गैर नाही.

वायर कापून बदल करणं हा मात्र वेगळा विषय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे कलम बरंच कडक वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्यात बेकायदा बदलासाठी गाडीच्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आता, डीआरएलला स्विच लावला म्हणून कोणी तुम्हाला आत टाकेल असं मी म्हणत नाही. नोंदणी प्रमाणपत्रात डीआरएलचा उल्लेख नसतो, वाद घालायला जागा आहे. पण अपघात झाला, विम्याचा दावा लागला आणि सर्व्हेयरने बॉनेट उघडून ती काळी टेप लावलेली वायर पाहिली, तर पुढचे सहा महिने तुम्ही माझ्यासारख्याच्या ऑफिसात बसलेले असाल.

उलट बाजूने, बाजारात मिळणाऱ्या त्या निळ्या-लाल लुकलुकणाऱ्या पट्ट्या. त्यांच्यासाठी मात्र कसलाही वाद घालायला जागा नाही. त्या लावणाऱ्यांना दंड झाला की मला मनापासून आनंद होतो.

सायलेन्सर | मंगळवार, दुपारी १:०२

चारचाकीवाल्यांनो, तुम्हाला आत्ता कळतंय. आम्ही दुचाकीवाले १ एप्रिल २०१७ पासून दिवसाढवळ्या लाइट लावून फिरतोय. त्या तारखेपासून बनलेल्या प्रत्येक दुचाकीला इंजिन चालू होताच हेडलाइट लागतो. हँडलवरचं लाइटचं बटणच काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने शिफारस केली होती.

पहिलं वर्षभर नुसता छळ होता. सिग्नलला थांबलो की शेजारचा हाताची बोटं उघडझाप करून दाखवायचा. समोरून येणारा तेच करायचा. एक आजी तर पदर सावरत रस्ता ओलांडता ओलांडता थांबल्या, "बाळा, लाइट चालू राहिलाय, बॅटरी उतरेल." प्रत्येकाला थांबून सांगत बसणार का, की आजी, सरकारने लावलाय?

तुमचा तो अॅक्सेसरीवाला आमच्याकडेही होता. जुन्या मॉडेलचा स्विच असेंब्ली बसवून बटण परत आणून द्यायचा. नाना पेठेत पाहिजे ते मिळतं. आणि ज्यांनी मार्च २०१७ च्या शेवटच्या दोन दिवसांत बीएस-३ (जुन्या प्रदूषण मानकाच्या) गाड्या सवलतीत उचलल्या (आठवतंय का ती झुंबड? शोरूमच्या बाहेर रांगा!), त्यांच्याकडे बटण अजून शाबूत आहे.

मी स्वतः बटण परत लावलं नाही. मलेशियात १९९२ मध्ये दुचाक्यांना दिवसा दिवे सक्तीचे केले. त्यानंतरच्या अभ्यासात 'दिसलाच नाही' प्रकारचे दुचाकींचे अपघात २९ टक्क्यांनी घटल्याचं निघालं. आमच्या बाबतीत फायदा आहे. वळणारा कारवाला आरशात बघतो तेव्हा काळ्या डांबरावर काळं हेल्मेट घातलेला मी त्याला दिसत नाही, दिवा दिसतो.

नानाची टांग | मंगळवार, दुपारी २:४५

दुचाकीचं एक वेळ समजू शकतो. पण गाडीला कशाला? हे सगळं आलंय कुठून? जिथे हिवाळ्यात दुपारी अंधार पडतो तिथून. त्यांनी लावावेत. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता डोळे उघडवत नाहीत, तिथे मला समोरची पांढरीशुभ्र भलीमोठी गाडी दिसावी म्हणून तिला दिवे?

फुकटात काही मिळत नाही. दिवा पेटला की अल्टरनेटरवर ताण, अल्टरनेटरवर ताण म्हणजे पेट्रोल. देशभरातल्या गाड्यांचा हिशोब करा.

उत्तरध्रुव | मंगळवार, संध्याकाळी ५:३० (इथली दुपार)

नाना, "दुपारी अंधार पडतो तिथून" म्हणालात म्हणून आलो. मी गोथेनबर्गला असतो. डिसेंबरात साडेतीनच्या आत सूर्य मावळतो आणि जो काय उगवलेला असतो तोही दिवसभर झाडांच्या शेंड्यांवरच लोंबकळतो, थेट डोळ्यात. त्यामुळे सुरुवात इकडूनच झाली हे खरं आहे. फिनलंडने १९७२ मध्ये गावाबाहेरच्या रस्त्यांवर हिवाळ्यापुरते दिवसा दिवे सक्तीचे केले. स्वीडनने १९७७ मध्ये बाराही महिने, सगळ्या रस्त्यांवर. इथे दिवसा दिवे न लावता गाडी चालवणं हाच नियमभंग आहे, त्यामुळे "बंद कसे करू" हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

युरोपीय महासंघाने ७ फेब्रुवारी २०११ पासून कारच्या नव्या मॉडेल्सना डीआरएल सक्तीचे केले, ट्रक-बसना ऑगस्ट २०१२ पासून. गवतीचहांच्या प्रश्नाचं उत्तर त्या नियमातच आहे. इंजिन चालू व्हायच्या स्थितीत डीआरएल आपोआप लागले पाहिजेत. पण हॅन्डब्रेक ओढलेला असताना, ऑटोमॅटिक गिअर पार्कमध्ये असताना, किंवा इंजिन चालू केल्यावर गाडी हलायच्या आधी ते बंद राहिले तर चालतात. हाताने बंद करायची सोयही कंपनी देऊ शकते, मात्र वेग ताशी १० किलोमीटरच्या वर गेला किंवा गाडी १०० मीटर पुढे गेली की ते स्वतःहून परत लागायला हवेत. कॅन्टोन्मेंटच्या गेटसाठी १०० मीटर पुरतात ना?

तुमच्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा पाया तोच असतो, म्हणून हॅन्डब्रेकची युक्ती तिथेही चालते.

पेट्रोलचं म्हणाल तर ती भीती जुन्या काळची. ५५ वॉटचे दोन हॅलोजन, वर मागचे दिवे, नंबर प्लेटचा दिवा, मीटर, असं सगळं मिळून दीडशे वॉटच्या आसपास जायचं. एलईडीच्या दोन पट्ट्या याच्या दहाव्या हिश्श्यात भागतात. तुमचा एसी तेवढ्यात नुसता पंखाही फिरवणार नाही.

नानाची टांग | मंगळवार, रात्री ८:१०

मान्य, पेट्रोलचा मुद्दा एलईडीला लागू नाही. पण सगळे शहाणे एकाच बाजूला आहेत असं भासवू नका. ऑस्ट्रियाने नोव्हेंबर २००५ मध्ये दिवसा हेडलाइट सक्तीचे केले आणि २००८ उजाडताच ती सक्ती गुंडाळली. एक आक्षेप हाही होता की सगळ्यांनीच दिवे लावले तर दुचाकीवाला, पादचारी, सायकलवाला गर्दीत हरवतो. अमेरिकेत एका बड्या कंपनीने २००१ मध्ये स्वतःहून अर्ज केला की हे सगळ्यांना सक्तीचं करा. तिथल्या सरकारी सुरक्षा खात्याने आधी स्वतःचा अभ्यास केला, त्यात ठोस फायदा दिसला नाही, आणि २००९ मध्ये अर्ज फेटाळला. आजही तिथे ऐच्छिक आहे.

सायलेन्सर, तुमचीच बाजू मांडतोय हो. उद्या सगळ्या कार दिव्यांनी लखलखल्या की तुमचा तो एकटा दिवा कोण बघणार?

सायलेन्सर | मंगळवार, रात्री ८:२२

नाना पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलले. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

मेपलपान | मंगळवार, रात्री ११:५०

कॅनडात १९९० पासून नव्या गाड्यांना डीआरएल सक्तीचे आहेत, मी गेली बरीच वर्षं इथेच गाडी चालवतो. तुम्ही सगळे दिवसाबद्दल भांडताय, इथे त्रास रात्री झाला.

पूर्वी मीटर अंधारात असायचा. दिवे लावल्याशिवाय काटा दिसायचा नाही, त्यामुळे संध्याकाळ झाली की हात आपोआप स्विचकडे जायचा. आताचे मीटर इंजिन चालू होताच टीव्हीसारखे उजळतात. पुढे डीआरएलचा थोडाफार उजेड रस्त्यावर पडलेला दिसतो. शहरात रस्त्यावरचे दिवे असतातच. झालं, माणसाला वाटतं लाइट लागलेत. प्रत्यक्षात मागे मिट्ट काळोख, एकही लाल दिवा नाही. अशा गाड्यांना इथे 'फँटम' म्हणतात आणि हायवेवर रात्री त्यांच्या मागे आलात तर अंगावर काटा येतो.

अखेर नियम बदलला. सप्टेंबर २०२१ पासूनच्या नव्या गाड्यांना तीनपैकी एक गोष्ट करावी लागते: डीआरएलबरोबर मागचे दिवेही लागावेत, किंवा अंधार पडताच सगळे दिवे आपोआप लागावेत, किंवा दिवे लावेपर्यंत मीटर काळाच राहावा. तिसरा पर्याय मला फार आवडला. माणसाला अंधारात ठेवलं की तो स्विच शोधतोच.

मोगरा | बुधवार, सकाळी ९:०५

मेपलपान, रात्रीच कशाला, आमच्याकडे हे भर दुपारी घडतं.

मागच्या पावसाळ्यात विळ्याकडून ताम्हिणी चढत होते. दुपारचे साडेबारा असतील. ढग खाली रस्त्यावर उतरलेला, वायपर पूर्ण जोरात आणि तरी काचेवर दूधच. माझ्या पुढे एक राखाडी गाडी होती. होती असं मी आत्ता म्हणतेय, तेव्हा ती मला फक्त ब्रेक दाबल्यावर दिसायची. दोन लाल ठिपके यायचे, जायचे, आणि मध्ये काहीच नाही. धुक्याच्याच रंगाची गाडी, मागे एक दिवा नाही. मी अंतर वाढवलं तर मागचा ट्रक हॉर्न देऊन जीव खातोय.

वर चहाच्या टपरीवर ती गाडी थांबली, मी पण थांबले. तिशीतला मुलगा, सोबत कुटुंब. म्हटलं, "दादा, लाइट लावून चालवा ना, मागून काही दिसत नाही." त्याने गाडीच्या पुढे जाऊन बोट दाखवलं. "लागलेत की ताई, हे बघा." खरंच लागले होते, पुढचे, छान भुवयांसारखे. मी त्याला हाताला धरल्यासारखं मागे नेलं. तिथे पाणी निथळत होतं आणि दोन्ही दिवे विझलेले. तो दोन क्षण बघतच राहिला. म्हणाला, "मागचे वेगळे असतात होय?"

त्यामुळे डीआरएल बंद करावेत की नको यात मला रस नाही. ज्याला ते आहेत त्याला आपले दिवे लागलेत असं वाटतं, त्याचं काय करायचं ते सांगा.

उत्तरध्रुव | बुधवार, दुपारी १२:४०

मोगराताई, तुम्ही नेमकी दुखरी नस धरलीत. इथेही हाच वाद आहे. कायद्याने दिवसा डीआरएल पुरेसे, आणि युरोपच्या नियमात डीआरएलबरोबर मागचे दिवे लागलेच पाहिजेत असं नाही.

आणि "माझ्या गाडीत ऑटो हेडलाइट आहेत" म्हणून निश्चिंत असाल तर ऐका. त्यांचा सेन्सर उजेड मोजतो, दृश्यमानता नाही. साधारण १००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) खाली उजेड गेला की तो हेडलाइट लावतो. बोगदा, संध्याकाळ, दाट झाडी, इथे चोख काम करतो. पण दुपारच्या धुक्यात वर सूर्य असतो, सगळीकडे पांढरा उजेड पसरलेला असतो. सेन्सरच्या मते तो लख्ख दिवस. तो काहीही लावत नाही. धुक्यात आणि मुसळधार पावसात दांडा स्वतःच्या हाताने लो बीमवर न्यायचा, याला पर्याय नाही.

भोगावती | बुधवार, दुपारी ३:१८

तुमचं चालू द्या डीआरएल आणि सेन्सर. आमच्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की रात्री उसाची ट्रॉली पुढं आली तरच कळतंय ट्रॉली हाय म्हणून. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असला तर उसाच्या पाल्यानं झाकलेला. एकाला एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या, वर ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि ट्रॅक्टरवाला पुढं स्पीकर लावून निवांत. पुढचे दिवे मात्र हां, चार-चार, पार डोळं दिपवणारे. मागच्याचा विचार करायची पद्धतच नाही आपल्यात. कारखान्यावर रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा होतात, फोटो निघतात, दोन आठवड्यांनी चिखलानं सगळं लिंपलेलं.

नानाची टांग | बुधवार, दुपारी ३:३०

भोगावतींशी शंभर टक्के सहमत. आणि टोल घेताना मात्र…

व्यवस्थापक | बुधवार, दुपारी ३:४४

नाना, टोलसाठी वेगळा धागा आहे. तिथे तुमचेच सर्वाधिक प्रतिसाद आहेत. कृपया इथे दिव्यांवर बोला.

दुर्बिण | बुधवार, रात्री १०:३०

उशिरा आलो, पण बंद करायच्या बाजूने बोलणारं इथे कोणी उरलेलं नाही म्हणून लिहितो.

आम्ही अमावास्येच्या आसपास आकाशदर्शनाला शहरापासून लांब जातो. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. विजेऱ्यांना लाल जिलेटीन कागद लावतो, मोबाइल काढू देत नाही. सगळे देवयानी दीर्घिका शोधत माना वर करून उभे असतात आणि अशा वेळी एक उशिरा आलेला सभासद नवी गाडी घेऊन मैदानात शिरतो. हेडलाइट बंद करतो बिचारा, सवयीने. आणि मग ते डीआरएल! पन्नास जणांची अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात. त्याच्या नावाने जे काही निघतं ते इथे लिहिता येणार नाही.

हॅन्डब्रेकची युक्ती उभ्या गाडीला ठीक, पण मैदानातून हळू आत-बाहेर करताना हॅन्डब्रेक सोडावाच लागतो. आता आम्ही गाड्या रस्त्यालाच, तोंड रस्त्याकडे करून लावायला सांगतो. एका सभासदाने पट्ट्यांवर योगा मॅटचे तुकडे वेल्क्रोने बसवले होते. हसू नका, उत्तम चाललं. परत रस्त्याला लागताना आठवणीने काढायचे एवढंच.

काळा कोट, योगा मॅट कलम ५२ मध्ये बसते का?

काळा कोट | बुधवार, रात्री १०:५२

मॅट काढता येते, म्हणून ती बदल नाही, पांघरूण आहे. खासगी मैदानात खुशाल घाला. सार्वजनिक रस्त्यावर दिवे लागणाऱ्या वेळी पुढचे दिवे झाकून फिरलात तर मी वकीलपत्र घेणार नाही.

वायरमन | गुरुवार, सकाळी ७:५०

मोगराताईंनी विचारलं होतं काय करायचं. मीटरवर एक हिरवं चिन्ह असतं, दोन छोटे दिवे एकमेकांकडे पाठ करून उभे असल्यासारखं. ते लागलं असेल तर मागचे लाल दिवे लागलेत. ते नसेल तर पुढे कितीही लखलखाट असो, मागे अंधार. डीआरएलचं स्वतःचं चिन्ह बऱ्याच गाड्यांत नसतंच. माझ्याकडे गाडी सोडायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे चिन्ह बोट ठेवून दाखवतो. निम्म्यांनी ते आधी कधी पाहिलेलं नसतं.

आणखी एक. डीआरएलचा प्रकाश सरळ समोर फेकलेला असतो, ४०० ते १२०० कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक), फक्त तुम्ही दुसऱ्याला दिसावं म्हणून. लो बीम खाली रस्त्यावर पडतो. त्यामुळे रात्री नुसत्या डीआरएलवर चालवणारा स्वतः नीट बघत नाही आणि समोरच्यालाही बघू देत नाही. हेडलाइट लावले की तीच पट्टी आपोआप मंद होते, ती समोरच्याला त्रास होऊ नये म्हणूनच. ती मंद झाली म्हणून बिघडली असं समजून माझ्याकडे येऊ नका.

काही परदेशी बनावटीच्या गाड्यांत इंडिकेटरचा दांडा ठरावीक पद्धतीने धरून इग्निशन चालू केलं की डीआरएल कायमचे बंद करता येतात, किंवा स्कॅनर लावून कोडिंगने, म्हणजे गाडीच्या संगणकातली सेटिंग बदलून. मॅन्युअलमध्ये दिलेलं असेल तर करा. स्कॅनरने करणार असाल तर आधी मूळ कोडिंग लिहून घ्या. वॉरंटीत गाडी गेली की त्यांना ते दिसतं.

मोगरा | गुरुवार, सकाळी ८:१५

पाहिलं. आहे ते चिन्ह, स्पीडोमीटरच्या डाव्या कोपऱ्यात. वर्षभर गाडी चालवतेय. आता नवऱ्याच्या गाडीत बघते, तो रात्री कोथरूडमधून तसाच फिरतो असा मला दाट संशय आहे.

हेमाडपंती | गुरुवार, सकाळी ११:२०

वायरमन, थोडं अवांतर. डावीकडचा डीआरएल गेलाय आणि उजवा पिवळट पडलाय. वॉरंटी संपून दोन महिने झालेत. सर्व्हिस सेंटर म्हणतं पट्टी वेगळी मिळत नाही, पूर्ण हेडलॅम्प बदला. एका बाजूचा आकडा ऐकून मी घरी सांगितलेलाच नाही. बंद कसे करायचे हे सगळे विचारताय, मला कोणी चालू करून देईल का?

वायरमन | गुरुवार, दुपारी १२:०२

पट्टी वेगळी मिळत नाही हे खरं आहे, बहुतेक गाड्यांत ती हेडलॅम्पच्या काचेआड पक्की बंद असते. पण लगेच पूर्ण बदलू नका. आधी मागचा कनेक्टर काढून बघा, पाणी जाऊन पिना हिरव्या पडल्यात का. तसं असेल तर क्लीनर मारून पुन्हा बसवा. ते ठीक असेल तर काही गाड्यांत डीआरएलचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं छोटं सर्किट) हेडलॅम्पला बाहेरून स्क्रूने लावलेला असतो आणि तो वेगळा मिळतो, खूप कमी पैशांत. एलईडीच जळली असेल तर काच उघडून चिप बदलणारे कारागीर आहेत. पण पुन्हा सील करताना घाई केली की पहिल्याच पावसात आत वाफ धरते, म्हणून जो एक दिवस ओव्हनसारख्या पेटीत ठेवून नीट सील करतो त्याच्याकडेच द्या.

आणि पिवळा पडलेला उजवा तसाच राहू द्या. डावा नवा टाकलात तर दोन्ही बाजूंचा रंग जुळणार नाही, तेवढं मनाची तयारी करून ठेवा. कनेक्टरचा आणि हेडलॅम्पच्या मागच्या बाजूचा फोटो इथे टाका, गाडी कुठल्या सालची ते पण लिहा.